फोन बदलताना काय मागे राहतं? आयफोन, अँड्रॉइड आणि आपल्या अडकण्याचा इतिहास



अँड्रॉइड सोडून आयफोन घ्यावा का, की आयफोन सोडून पुन्हा अँड्रॉइडवर यावं, हा प्रश्न आपण बहुधा दुकानात उभं राहून विचारतो. कॅमेरा कुणाचा चांगला, बॅटरी किती टिकते, हप्ता किती बसतो. अशा प्रश्नाचं इतिहासाच्या व्याख्यानात काय काम, असं कुणालाही वाटेल. आमचं म्हणणं एवढंच आहे की या प्रश्नाचं अर्धं उत्तर दुकानात मिळतं आणि उरलेलं अर्धं गेल्या तीस वर्षांच्या इतिहासात आहे. कारण फोन बदलण्याची खरी किंमत खोक्यावर छापलेली नसते. ती आपणच साठवत आलेलो असतो, गप्पांमध्ये, फोटोंमध्ये, बोटांना लागलेल्या सवयींमध्ये. आणि ती चुकती करायची वेळ नेहमी आपण ठरवू तेव्हाच येते असंही नाही.

अर्थशास्त्रात याला 'स्विचिंग कॉस्ट' म्हणतात. आपण 'बदलाची किंमत' म्हणू या. कार्ल शपिरो आणि हॅल व्हेरियन या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी 'इन्फर्मेशन रूल्स' या पुस्तकात या विषयाची नीट मांडणी केली. गिऱ्हाईक एकदा एखाद्या व्यवस्थेत रुळलं की त्याला बाहेर पडणं जितकं महाग, तितकं ते विकणाऱ्याच्या दृष्टीने मोलाचं, असा साधारण मुद्दा. पुढे हेच व्हेरियन गूगलचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले. म्हणजे हा हिशेब कंपन्यांना आपल्या कितीतरी आधी कळलेला आहे. आज तो आपण आपल्या बाजूने मांडून बघू.

नंबर कुणाचा?

सुरुवात स्मार्टफोनच्याही आधीपासून करावी लागेल. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला. भारतातला हा पहिला मोबाइल कॉल मानला जातो. तो फोन जीएसएम पद्धतीचा होता, आणि जीएसएमचं एक वैशिष्ट्य म्हणजे सिमकार्ड. युरोपात १९९१ पासून वापरात आलेल्या या चिमुकल्या तुकड्याने एक मोठं काम केलं. माणसाची ओळख आणि हातातलं यंत्र या दोन गोष्टी त्याने सुट्या केल्या. फोन बिघडला तर सिम काढा, दुसऱ्या फोनमध्ये घाला, नंबर तोच. सिमवर शे-दोनशे नावं मावायची, तीही सोबत यायची.

आता याच्या उलट उदाहरण बघा. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन ही योजना आणली आणि मोबाइल ही चैनीची वस्तू राहिली नाही. रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या हातात फोन आला, हे श्रेय त्या योजनेला द्यायलाच हवं. पण तो फोन सीडीएमए पद्धतीचा होता आणि सुरुवातीच्या त्या फोनांना सिमकार्डच नव्हतं. नंबर यंत्रातच बसवलेला. यंत्र बदलायचं तर कंपनीच्या दुकानात जायचं, आणि नावं एकेक करून वहीत उतरवून पुन्हा भरायची. स्वस्तात आत घेणारी व्यवस्था बाहेर पडताना महाग पडू शकते, याचा हा आपल्याकडचा पहिला मोठा धडा.

सिम असलं तरी एक अडकण होतीच. यंत्र बदलता यायचं, कंपनी नाही. कंपनी सोडली की नंबर गेला. दुकानाच्या पाटीवर, व्हिजिटिंग कार्डावर, लग्नपत्रिकेत छापलेला नंबर कोण सोडणार? त्यामुळे रेंज येत नाही म्हणून वर्षानुवर्षं कुरकुरत लोक त्याच कंपनीत राहिले. हे बदललं ते नियमाने. २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात आणि २० जानेवारी २०११ ला देशभर नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय सुरू झाली. तीसुद्धा आपल्या सर्कलपुरतीच. मुंबई हे एक सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा हे दुसरं. म्हणजे मुंबईहून पुण्याला बदली झाली तर नंबरचा प्रश्न तसाच. ३ जुलै २०१५ पासून देशभर कुठेही नंबर नेता येऊ लागला, तेव्हा कुठे हा नंबर खऱ्या अर्थाने 'माझा' झाला.

ही गोष्ट लक्षात ठेवा. नंबर आपला झाला तो कुठल्या कंपनीच्या चांगुलपणाने नाही.

बुडालेली घराणी

आज आपल्यासमोर दोनच पर्याय दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं हे कायमचं आहे. पण २००८-०९ मध्ये जगात विकले जाणारे जवळपास निम्मे स्मार्टफोन सिम्बियन या प्रणालीवर चालत होते. १९९८ मध्ये सायॉन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून ही कंपनी लंडनमध्ये उभी केली. भारतात तर नोकिया म्हणजेच मोबाइल अशी परिस्थिती होती. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला २००६ पासून नोकियाचा कारखाना सुरू होता. ज्यांनी तेव्हा सिम्बियन फोन घेतला त्यांनी चुकीचा निर्णय घेतला असं कोण म्हणेल? बाजारातला सगळ्यात मोठा, सगळ्यात सुरक्षित पर्याय तोच होता.

९ जानेवारी २००७ ला आयफोन जाहीर झाला. ऑक्टोबर २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन विक्रीला आला. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाचे नवे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात स्वतःच्या कंपनीची तुलना समुद्रात पेटलेल्या तेलफलाटावर उभ्या असलेल्या माणसाशी केली, आणि त्याच आठवड्यात नोकियाने मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनचा हात धरला. सिम्बियनवाल्यांना एका वाक्यात सांगितलं गेलं की तुमचं घर आता पाडायचं आहे.

जे नोकियावर विश्वास ठेवून विंडोज फोनवर गेले त्यांचं काय झालं? पहिले लुमिया फोन २०११ च्या अखेरीस आले. २०१२ मध्ये विंडोज फोन ८ आला आणि कळलं की त्या पहिल्या फोनांवर तो चढणारच नाही. म्हणजे घराणं न बदलताही लोक मागे राहिले. २०१४ मध्ये नोकियाचा फोन व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला श्रीपेरुंबुदूरचा कारखाना बंद पडला. जानेवारी २०१९ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने उरलेल्या ग्राहकांना आयफोन किंवा अँड्रॉइड घ्या असं सांगून टाकलं, आणि २०१९ संपता संपता व्हॉट्सॲपनेही विंडोज फोनवरचं काम थांबवलं.

ब्लॅकबेरीची कथा आणखी शिकवणारी आहे. ब्लॅकबेरी मेसेंजर ही त्यांची ताकद. तो फक्त ब्लॅकबेरीवरच चालायचा, म्हणून ग्रुपमध्ये राहायचं तर ब्लॅकबेरीच हवा. २०१३ मध्ये त्यांनी तो आयफोन आणि अँड्रॉइडसाठी खुला केला, तेव्हा माणसं निघून गेलेली होती. मे २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठीचा तो मेसेंजर बंद झाला आणि ४ जानेवारी २०२२ ला जुन्या ब्लॅकबेरी फोनांची सेवा थांबली.

गंमत अशी की ॲपलनेही हाच निर्णय घेतला. २०११ मध्ये आलेला आयमेसेज त्यांनी अँड्रॉइडवर आणला नाही. एपिक विरुद्ध ॲपल या २०२१ च्या खटल्यात ॲपलच्या अधिकाऱ्यांचे जुने ईमेल पुढे आले. आयमेसेज अँड्रॉइडवर दिला तर आयफोनवाल्या घरांतले आईवडील मुलांना अँड्रॉइड घेऊन देतील, अशी चिंता त्यात उघड दिसते. मग एकाच चालीने ब्लॅकबेरी बुडाली आणि ॲपल का टिकली? कारण बंद दार माणसाला तोवरच अडवतं, जोवर आतलं घर राहण्यासारखं आहे. ब्लॅकबेरीचं घर जुनं झालं. ॲपलने डागडुजी चालू ठेवली.

आता या सगळ्यातून काय दिसतं? गेल्या पंधरा-वीस वर्षांत ज्यांनी प्रणाली बदलली, त्यांतल्या कितीतरी लोकांनी ती हौसेने बदललेली नाही. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली म्हणून बदलली. म्हणून 'आम्हाला कुठे बदलायचंय' असं म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही.

आपली भाषा कुठल्या घरात होती?

मराठी माणसासाठी या हिशेबात आणखी एक रकाना आहे, तो म्हणजे लिपीचा. २०१०-११ च्या सुमाराला कितीतरी स्वस्त अँड्रॉइड फोनांवर मराठी बातमी उघडली की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसायचे. त्यावर एक युक्ती तोंडोतोंडी पसरली होती. ऑपेरा मिनी घ्यायचं, त्याच्या छुप्या सेटिंगमध्ये जायचं आणि अवघड लिप्या चित्ररूपात दाखवायचा पर्याय चालू करायचा. मग मजकूर चित्र म्हणून यायचा आणि वाचता यायचा. आपल्यापैकी अनेकांनी आपला पेपर असा वाचलेला आहे.

अँड्रॉइडची सबंध मांडणी मराठीत मिळाली ती २०१४ च्या लॉलिपॉप आवृत्तीत. आयफोनवर मराठीचा कीबोर्ड आला तोही त्याच वर्षी, आयओएस ८ मध्ये. म्हणजे आयफोन जाहीर होऊन सात वर्षं झाल्यावर दोन्ही घरांनी मराठीसाठी दार उघडलं. त्याआधी मराठीत लिहिणाऱ्याला फोन निवडताना कॅमेरा बघायची चैनच नव्हती. अक्षर दिसतं का, हे आधी बघावं लागायचं.

बदलाच्या किमतीचा मराठीतला सगळ्यात मोठा अनुभव तर फोनचा नाहीच, तो छपाईचा आहे. डीटीपीच्या काळात प्रत्येक फॉन्टची आतली सांकेतिक व्यवस्था वेगळी होती. पडद्यावर 'क' दिसायचा, पण संगणकाच्या लेखी तिथे भलतंच रोमन अक्षर असायचं. फॉन्ट बदलला की मजकुराची खिचडी. पुढे युनिकोड रुळलं तेव्हा छापखान्यांकडे, प्रकाशकांकडे आणि लेखकांकडे वर्षांचा मजकूर अशा फायलींमध्ये होता. काहींनी तो रूपांतरित करून घेतला, जोडाक्षरं तपासत बसले. काहींनी पुन्हा टाइप केला. आणि बराच मजकूर तसाच जुन्या सीडींवर पडून राहिला. लिहिलेलं आपलं होतं, पण ते वाचायची किल्ली दुसऱ्याकडे होती. फोनच्या बाबतीत आज आपण नेमकं तेच करतो आहोत का, हा आजचा खरा प्रश्न आहे.

आत यायचं दार, बाहेर जायचं दार

सप्टेंबर २०१५ मध्ये ॲपलने 'मूव्ह टू आयओएस' नावाचं ॲप गूगलच्याच दुकानात ठेवलं. अँड्रॉइडवरून आयफोनवर येणाऱ्यांची नावं, फोटो, संदेश उचलून आणणारं. गूगलनेही २०२२ मध्ये 'स्विच टू अँड्रॉइड' हे ॲप आयफोनच्या दुकानात आणलं. दोघांनी बांधलेलं दार बघा. दोघांनीही दुसऱ्याच्या घरातून आपल्या घरात यायचं दार बांधलं. आपल्या घरातून बाहेर जायचं दार बांधायची घाई कुणालाच नव्हती. सुरुवातीची काही वर्षं तर आयफोन सोडून अँड्रॉइडवर गेलेल्यांचे संदेश वाटेत हरवायचे, कारण पाठवणाऱ्याचा आयफोन ते आयमेसेज म्हणूनच पाठवत राहायचा. अमेरिकेत २०१४ मध्ये यावरून ॲपलविरुद्ध दावा झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲपलने नंबर आयमेसेजमधून काढून घ्यायची सोय संकेतस्थळावर दिली.

याला अपवाद आहेत, तेही सांगायला हवेत. गूगलमधल्याच काही अभियंत्यांनी पुढाकार घेऊन २०११ मध्ये 'टेकआउट' ही सेवा आणली, जिच्यातून आपले फोटो, ईमेल, नावं एका गठ्ठ्यात उतरवून घेता येतात. पण सर्वसाधारण नियम तोच. आत यायचं दार मालक हौसेने बांधतो, बाहेर जायचं दार त्याच्याकडून बांधून घ्यावं लागतं.

भारतात ही ओढाताण थोडी वेगळ्या जागी झाली. अमेरिकेत आयमेसेजने माणसं अडवली, आपल्याकडे नाही, कारण इथे सगळे व्हॉट्सॲपवर. व्हॉट्सॲप नोकियाच्या फोनवरही चालायचं, ब्लॅकबेरीवरही आणि आयफोनवरही. त्यामुळे फोन बदलायला आपण मोकळे आहोत असं वाटलं. पण मेख पुढे होती. अँड्रॉइडवरच्या गप्पांची प्रत गूगलच्या साठ्यात आणि आयफोनवरच्या गप्पांची ॲपलच्या साठ्यात. दोन्हींचा मेळ नाही. २००९ मध्ये सुरू झालेल्या व्हॉट्सॲपने आयफोनवरून अँड्रॉइडकडे गप्पा न्यायची अधिकृत सोय २०२१ मध्ये, तीही आधी सॅमसंगच्या फोनांसाठी दिली. उलट दिशेची सोय आली २०२२ मध्ये. मधल्या एक तपात ज्यांनी घर बदललं त्यांनी गप्पा मागे टाकल्या.

हे फक्त 'चॅट' नव्हतं हो. समजा एखाद्या घरात आजी गेली. तिने नातवाला पाठवलेला आवाजी निरोप, 'जेवलास का रे' एवढाच, तो त्या गप्पांमध्ये होता. नातवाने नोकरी लागल्यावर हौसेने नवा फोन घेतला, दुसऱ्या प्रणालीचा. जुना फोन एक्स्चेंजमध्ये दिला. त्याला किती रुपये सूट मिळाली ते बिलावर आहे. काय दिलं ते कुठेच लिहिलेलं नाही.

आणि जानेवारी २०२१ आठवा. व्हॉट्सॲपच्या नव्या धोरणावरून गदारोळ झाला, कितीतरी जणांनी सिग्नल आणि टेलिग्राम उतरवून घेतलं. सोसायटीचा ग्रुप मात्र हलला नाही, शाळेचा हलला नाही, मामा-मावशांचा तर नाहीच नाही. माणूस एकटा फोन बदलू शकतो. अख्खं गोत एकदम हलवता येत नाही.

मग तोलायचं कसं?

दोन्ही बाजू सरळ मांडू. आयफोन महाग, हे पहिल्या दिवसापासूनचं आहे. ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन थ्रीजी भारतात आला तो ३१,००० रुपयांना. अमेरिकेत तोच १९९ डॉलरना मिळत होता, कारण उरलेली किंमत तिथे दोन वर्षांच्या करारात मुरवलेली होती. याउलट सप्टेंबर २०१४ मध्ये भारतात सुरू झालेल्या अँड्रॉइड वन योजनेतले फोन ६,३९९ रुपयांपासून होते. आज आपल्या देशातल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त फोनांवर अँड्रॉइड आहे, त्याचं कारण इथेच आहे.

पण किंमत वर्षांनी भागून बघायला हवी. २०१५ मध्ये आलेल्या आयफोन ६एसला २०२१ ची आयओएस १५ मिळाली. अँड्रॉइडच्या बाजूने २०११ मध्ये गूगल आणि फोन कंपन्यांनी अठरा महिने अद्ययावत आवृत्त्या देऊ असं जाहीर केलं होतं आणि तेवढंही धड पाळलं गेलं नाही. अलीकडे चित्र बदललं आहे. २०२३ च्या पिक्सेल ८ पासून गूगलने आणि २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून सॅमसंगने सात वर्षांचा शब्द दिला आहे, पण तो महागड्या फोनांना. दहा-बारा हजारांच्या फोनला तो लागू आहे असं समजून चालू नका.

अँड्रॉइडकडे निवड आहे. उद्या एका कंपनीचा फोन नको वाटला तर दुसरीचा घेता येतो, आणि गूगलचं खातं तेच राहतं. म्हणजे यंत्र सुटं, पण खातं अडकलेलं. तिथेही सगळं मोकळं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडमधल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला आणि मार्च २०२३ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. आयफोनच्या बाजूला सगळ्या वस्तू एकमेकींशी छान बोलतात, घड्याळ, कानातले, लॅपटॉप. पण जितकं जास्त जमतं तितकं बाहेर पडणं महाग. घड्याळ तर दुसऱ्या घरी चालतच नाही.

जे सुटं करता आलं आहे त्याकडेही बघा. २०१६ पासूनचं यूपीआय घ्या. बँक एक, ॲप दुसरं, फोन तिसरा, आणि तरी पैसे जातात. फोन बदलला की आपल्या सिमवरून एक संदेश पाठवून पुन्हा ओळख पटवायची, झालं. चार्जरचंही तसंच. युरोपीय संघाने कायदा केला आणि २०२३ च्या आयफोन १५ पासून सगळ्यांना एकच वायर चालू लागली. नंबर, पैसे, वायर, या तिन्ही गोष्टी सुट्या झाल्या कारण कुणीतरी सार्वजनिक नियम केला.

आपल्या माहितीच्या बाबतीत तो नियम अजून नाही. युरोपात मे २०१८ पासून आपली माहिती एका सेवेतून दुसरीकडे नेण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात तसा हक्क होता. २०२३ मध्ये संमत झालेल्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यातून तो वगळला गेला. त्यावर फारशी चर्चाही झाली नाही. दहा हजारांचा फोन घेताना आपण दहा दुकानं फिरतो, आणि हा हक्क गेल्याचं आपल्याला कळतही नाही.

तेव्हा आमचं मत विचाराल, तर कुठला फोन घ्यावा हे आम्ही सांगणार नाही. दोन्हींत सुखाने राहता येतं. पण घेताना एक प्रश्न जरूर विचारावा: चार वर्षांनी हे सोडायचं झालं, तर मला काय नेता येईल? उत्तर मिळत नसेल, तर सोडायची वेळ यायच्या आधीच आपल्या गोष्टी बाहेर काढून ठेवा. फोटो आपल्या हार्डडिस्कवर. महत्त्वाच्या गप्पा निर्यात करून साध्या फाइलमध्ये. आवाजी निरोप वेगळे उतरवून. आणि जुना फोन एक्स्चेंजला देण्याआधी महिनाभर कपाटात ठेवा. सिम्बियनवाल्यांना ही महिन्याभराची सवड फार उपयोगी पडली असती.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्नांकडे वळू.